न कापणारा चाकू

सार्डिनिया बेटावरच्या ओरोलाई गावात जेवायला बसताना ताटाशेजारी सुरी मांडत नाहीत. ज्याने त्याने आपापल्या खिशातून चाकू काढायचा. पाहुणा मोकळ्या खिशाने आला तर त्याला कुणी काही बोलत नाही. फक्त त्याच्यापुढचं सगळं आधीच कापून, मोडून ठेवतात, दात पडलेल्या म्हाताऱ्यापुढे ठेवतात तसं. तेवढ्यावर पाहुणा समजायचं ते समजतो.

बाकीसियोच्या नातीपुढे जन्मापासून असंच कापलेलं आणि मोडलेलं येत होतं. नातीचं नाव रिमेदिया, पण एवढं लांब नाव फक्त पाद्रीबाबा घेत. बाकी सगळ्यांची ती मेदी. वय सहा, पुढचे दोन दात पडलेले आणि जिभेला मात्र धार.

ईस्टरनंतरच्या सोमवारी सगळं गाव रानात जेवायला जातं. त्या दिवशी मेदीने कुणाची वाट न बघता टोपलीतला वाळलेला आख्खा सॉसेज उचलला आणि दाढेखाली धरून ओढायला लागली. शेजारच्या चटईवरून कुणीतरी हसून म्हणालं, "कुत्र्यासारखी काय खातेस गं?"

मेदी तोंडातला सॉसेज न काढताच म्हणाली, "कुत्र्यालाही चाकू देत नाहीत, मलाही देत नाहीत. मग खाऊ कशी?"

सगळं रान हसलं. बाकीसियो हसला नाही. आयुष्यभर मेंढ्या राखलेला माणूस, सत्तरी गाठलेला, तांबड्या वाइनचा तिसरा पेला हातात. नातीला लोक कुत्र्याच्या पंगतीला बसवतात म्हणजे काय? तो उठला, जवळच्या दगडावर चढला आणि म्हणाला, "ऐका रे! येत्या कातरणीला, मेंढ्यांची लोकर उतरेल त्या दिवशी, माझी नात स्वतःच्या चाकूने जेवेल. हा बाकीसियोचा शब्द!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याची बायको तोमाझा चटईवर बसल्या बसल्या एवढंच म्हणाली, "उतर आता खाली. आणि गाविनाला काय सांगायचं ते चालता चालता ठरव."

गाविना म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, मेदीची आई. तालुक्याच्या इस्पितळात अपघात विभागात नर्स होती. नवरा बोटीवर नोकरीला, महिन्यातले पंधरा दिवस समुद्रात. म्हणून ती आणि मेदी आईबापांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहत. त्या सोमवारी गाविना कामावर होती, हे बाकीसियोला दगडावर चढताना फार सोयीचं वाटलं होतं. पण बातमी तो घरी पोचायच्या आधीच तिच्या कानावर गेली. त्याच दुपारी चीज कापता कापता अंगठा कापून घेतलेला एक गावकरी तिच्याचकडे टाके घालायला गेला होता, आणि सुई टोचताना माणूस काहीतरी बोलतोच.

गाविनाची गोष्टच वेगळी होती. गावातले लोक एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, ती हातांनी ओळखायची. चर्चच्या पायऱ्यांवर कुणी "कशी आहेस?" म्हटलं की हिची नजर आधी त्याच्या बोटांवर. "टाके सुकले का? पाण्यात घालू नको म्हटलं होतं ना?" त्यामुळे ती समोरून आली की चांगले धट्टेकट्टे बाप्ये हात खिशात घालत.

त्या संध्याकाळी ती घरात शिरली ती सरळ बापासमोर.

"बाबा, सहा वर्षांच्या पोरीला चाकू देणार म्हणे तुम्ही?"

"कातरणीपर्यंत सव्वासहा होईल."

"मी दिवसभर काय शिवते, माहीत आहे ना? उशांचे अभ्रे नाही शिवत."

"अगं, मी तिच्याएवढा होतो तेव्हा माझ्याकडे चाकू होता. आज सत्तरी आली, एक ओरखडा नाही अंगावर."

आतून पीठ मळता मळता तोमाझा म्हणाली, "मग डाव्या करंगळीचं टोक कुठं गेलं? बाजारात विकलंस?"

"ते फाटकात सापडलं होतं."

"हो ना. चाकूने दोर कापताना फाटकात सापडलं."

बाकीसियोने करंगळी मुठीत लपवली.  गाविना जिन्याकडे वळली, दोन पायऱ्या चढली आणि मागे वळून ओरडली, "ठीक आहे! न कापणारा चाकू मिळाला तर द्या तिला!" आणि वरचं दार असं आपटलं की भिंतीवरच्या संत अंतोनीची तसबीर वाकडी झाली.

दुसरा कुणी असता तर समजला असता की विषय संपला. पण बाकीसियोने चाळीस वर्षं चीजच्या दलालांशी सौदे केले होते. समोरच्याने अट घातली म्हणजे सौदा उघडला, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. त्याने तसबीर सरळ केली आणि स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणाला, "ऐकलंस तोमाझा? हो म्हणाली."

"ती नाही म्हणाली."

"नाही म्हणायचं असतं तर नाहीच म्हणाली असती. तिने अट घातली. न कापणारा चाकू हवा."

तोमाझाने पिठाच्या हाताने कपाळ पुसलं. "बाकीसियो, तुझं डोकं तुझ्या मेंढ्यांनी खाल्लं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो मेदीला घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशेजारी गेला. तिथे प्रवाशांसाठी एक दुकान होतं. टोप्या, शिंपल्यांच्या माळा, आणि एका टोपलीत ढीगभर चाकू. मुठी प्लास्टिकच्या पण शिंगासारख्या रंगवलेल्या, त्यावर रानडुकराचं चित्र आणि खाली 'सार्डिनियाची आठवण'. बाकीसियोने एक उचलला, पात्यावर बोट फिरवलं. मग जोरात फिरवलं. बोटाला गुदगुल्यासुद्धा झाल्या नाहीत. त्याला वाटलं, आपलं नशीबच उघडलं.

"आजोबा, हा खोटा आहे," मेदी म्हणाली.

"खोटा नाही गं. जरा शांत स्वभावाचा आहे."

चाकू विकत घेऊन दोघं बाहेरच्या बाकावर बसले, आणि तेव्हा कळलं की तो मिटला की उघडत नाही. बाकीसियोने नखाने बघितलं, दाताने बघितलं, शेवटी स्वतःचा चाकू काढून त्याच्या फटीत घातला आणि पिरगाळला. टण्‌कन आवाज झाला. पातं उडून रस्त्यापलीकडच्या निवडुंगात गेलं आणि मूठ तेवढी हातात राहिली.

आतून दुकानदार म्हणाला, "आजोबा, तो आठवण म्हणून ठेवायचा असतो. वापरायचा नसतो."

मेदीने ती मूठ घेतली, फुंकून पाहिली. शीळ चांगली वाजत होती. घरी पोचेपर्यंत ती वाजवत राहिली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत राहिली, "आजोबांनी मला चाकू घेतला, त्याची शिट्टी झाली."

आता एलियासकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एलियास गावातला चाकूवाला. बाकीसियोचा बालमित्र, म्हणजे दोघं साठ वर्षं भांडत आलेले. त्याची एक पद्धत होती. कुणीही दुकानात आला की आधी नाही म्हणायचं. "विकायला काही नाही." गिऱ्हाईक जायला वळलं की, "बघायचं असेल तर बघ." लांबून आलेली परदेशी माणसं या नकारावरच लट्टू व्हायची. बाकीसियो आत शिरला तेव्हा तो दगडाच्या चाकावर पातं घासत होता.

"विकायला काही नाही."

"विकत घ्यायला आलोच नाही. बनवून हवाय. मेदीसाठी. बोटभर पात्याचा, टोक गोल."

"टोक गोल कशाला?"

"आणि धार लावायची नाही."

"का? तू लावणार?"

"कुणीच लावायची नाही."

एलियासने यंत्र बंद केलं. काम अर्ध्यात असताना त्याने यंत्र याआधी एकदाच बंद केलं होतं, वरच्या आळीत आग लागली तेव्हा. तो चष्मा कपाळावर चढवून मित्राकडे बघत राहिला.

"बाकीसियो, तू माझ्याकडे येऊन बिनधारेचा चाकू मागतोस. उद्या पाद्रीबाबांकडे जाऊन बिनदेवाची प्रार्थना मागशील. मूठ कशाची करू? लोण्याची?"

"अरे, गाविनाची अट आहे."

गाविनाचं नाव निघताच एलियासचा डावा हात आपोआप एप्रनच्या खिशात गेला.  मग एलियासने खालच्या आवाजात आपल्या अटी सांगितल्या. पात्यावर त्याची खूण उमटणार नाही. चाकू त्याने केला हे कुणाला कळता कामा नये. आणि असला चाकू तो स्वतःच्या दुकानातून तर मुळीच देणार नाही.

त्याप्रमाणे शनिवारी भर दुपारी चर्चच्या मागच्या भिंतीआड हा व्यवहार झाला. एलियासने कोटाच्या आतून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली, बाकीसियोने बगलेतून जुन्या चीजचा गोळा काढला. दोघांनी इकडेतिकडे पाहून अदलाबदल केली आणि उलट्या दिशांना चालते झाले. पाद्रीबाबा खिडकीतून हे सगळं बघत होते. दुसऱ्या दिवशीचं प्रवचन चोरीच्या मालावर झालं.

चाकू दिसायला सुरेख होता, हे मान्य करायला हवं. ऑलिव्हच्या लाकडाची मूठ, चकचकीत पातं, टोक मेदीच्या नाकासारखं गोल. मेदीने तो घेतला, ओट्यावरच्या मऊ चीजवर ठेवला आणि दाबला. चीजला खळी पडली. सोडल्यावर खळी भरून आली.

"आजोबा, हा चीजचे पाय चेपतोय."

"तू लहान आहेस, तुला जोर नाही म्हणून. आणि हे बघ, कुणी केला ते सांगायचं नाही. अगदी कुणालाही."

"बरं," मेदी म्हणाली.

रविवारी जेवायला चौघं टेबलाशी बसले. गाविनाला सुट्टी होती, मनःस्थितीही बरी दिसत होती. पातळ कडक भाकरी, डुकराच्या मटणाचं कालवण, बागेतले कांदे आणि मध्ये जुन्या चीजचा चाकासारखा गोळा, वरची साल लाकडासारखी वाळलेली. बाकीसियोने घसा खाकरला आणि पुरचुंडी लेकीपुढे ठेवली.

"हे काय?"

"तुझी अट. पूर्ण केली."

गाविनाने चाकू उघडला.  बाकीसियोला तिचं गप्प बसणं म्हणजे होकार वाटला. त्याने चाकू तिच्या हातातून घेतला आणि उजव्या हाताने डाव्या तळव्यावर सर्रकन ओढला. तोमाझा किंचाळली. तळव्यावर पांढरी रेघसुद्धा उमटली नाही.

"बघितलंस? गालावर फिरवू? जिभेवर?"

"बाबा, पुरे."

"पण मग तो कापतो काय?" मेदीने विचारलं.

प्रश्न साधा होता. पण बाकीसियोला तो लागला. एवढी यातायात केली, एक आख्खं चीज गेलं, पाद्रीबाबांच्या नजरेतून उतरलो, आणि ही विचारते कापतो काय!

"काय म्हणजे? सगळं कापतो! माणूस सोडून सगळं!"

त्याने चीजचा गोळा पुढे ओढला, चाकूचं गोल टोक सालीवर टेकवलं, आणि उभा राहून अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. साल हलली नाही. त्याने दात ओठ खाऊन आणखी जोर केला. चाकू सालीवरून सटकला, तिथल्या तिथे मिटला, आणि पातं बाकीसियोच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर असं बसलं की त्याला आधी आवाज ऐकू आला आणि मग दुखलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कांद्यांवर रक्त, चीजवर रक्त, संत अंतोनीच्या तसबिरीवरही दोन थेंब. गाविनाने तोंडातला घास शांतपणे संपवला, टेबलक्लॉथचा कोपरा त्याच्या बोटाभोवती आवळला आणि वरून आपली पेटी आणली.

"बसा. बोट वर धरा. आई, दिवा जवळ घे."

जन्मभर शेकडो कोकरांची आतडी हाताळलेला बाकीसियो सुई पाहताच म्हणाला, "मला जरा—" आणि खुर्चीत मागे कलंडला.

"मेला का?" मेदीने विचारलं.

"नाही. नाटकं करतोय," तोमाझा म्हणाली आणि नवऱ्याच्या नाकाखाली कांदा धरला.

"आई, आतलं बघू? आत काय आहे?" मेदी स्टुलावर चढून वाकली. गाविनाने तिला ढकललं नाही. कातडी कुठली, त्याखालचं पांढरं काय, हे टाके घालता घालता सांगितलं. मेदीने डोळे न मिटता सगळं पाहून घेतलं. बाकीसियो शुद्धीवर आला तेव्हा दोन डोकी त्याच्या बोटावर वाकून गप्पा मारत होती.

"बाबा, बघा ही जखम," गाविना म्हणाली. "कड कशी चेचल्यासारखी फाटली आहे. धारदार चाकूने लागलं असतं तर दोन टाक्यांत मिटलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचे चाकू बोथट असतात. धार असली की चाकू तुम्ही न्याल तिकडे जातो. धार नसली की जोर करावा लागतो, आणि मग तो त्याला हवं तिकडे जातो."

बाकीसियोने डोळे वटारले. "मग न कापणारा आण असं का म्हणालीस?"

"मी चिडून म्हणाले होते, बाबा! चिडून! कुणी खरंच जाऊन आणेल असं वाटलं का मला?"

तोमाझा दिव्यामागून हसायला लागली. दिवा हलू लागला म्हणून गाविनाने तिला दटावलं. मग तिने पेटीतून एक छोटी कात्री काढली आणि टाक्याचा दोरा कापला.

"ही ओळखलीत?"

बाकीसियोने पाहिलं. पितळी दांड्याची भरतकामाची कात्री.

"मी आठ वर्षांची असताना तुमच्याकडे चाकू मागितला होता. कातरणीच्याच दिवसांत. तुम्ही जत्रेतून ही आणलीत."

"चांगली होती की."

"चांगलीच आहे. अजून टिकलीय." तिने कात्री पुसून ठेवली. "पण मी चाकू मागितला होता."

 बाकीसियोने बोटाकडे बघून कण्हायला सुरुवात केली. अडचणीच्या वेळी माणसाला दुखणं फार उपयोगी पडतं.

"कुणी केला हा चाकू?" गाविनाने विचारलं.

"कुणास ठाऊक. बाहेरगावचा आहे."

"एलियास आजोबांनी केला," मेदी म्हणाली. "पण ते कुणालाही सांगायचं नाही असं ठरलंय."

दुसऱ्या दिवशी गाविना मेदीचा हात धरून एलियासच्या दुकानी निघाली. बाकीसियोला बरोबर घेतलं होतं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. बांधलेलं बोट आकाशाकडे धरून तो मागून चालला होता. वाटेत लोक विचारत, "वर काय दाखवतोस रे?"

दारात गाविनाला पाहून एलियास नेहमीचं वाक्य विसरला. त्याच्या तोंडून निघालं, "या. सगळं विकायला आहे."

गाविनाने तो चाकू टेबलावर ठेवला. "एलियासकाका, हा कुणाचा?"

एलियासने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "खूण नाही यावर. परदेशातून आला असेल. हल्ली काय काय येतं."

"ऑलिव्हची मूठ परदेशातून?"

"तिकडेही झाडं असतात, पोरी."

बाकीसियोला हसू दाबताना खोकला आला. गाविनाने पुढे काही विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मला मेदीसाठी चाकू हवाय. कापणारा. मूठ तिच्या मुठीत मावेल असा, आणि पात्याचा खटका असा घट्ट की बोटावर मिटणार नाही. दाखवा."

एलियासच्या जिवात जीव आला. त्याने मखमलीचे खण बाहेर काढले. मेंढ्याच्या शिंगाच्या मुठी, हरणाच्या शिंगाच्या मुठी, पितळी कड्या, पानासारखी निमुळती पाती. मेदीने एकेक उचलला. तिची परीक्षा घ्यायची रीत वेगळीच होती. आधी वास घ्यायचा, मग झग्याच्या खिशात टाकून दुकानभर उड्या मारायच्या, मग उघडून पातं गालाजवळ धरून त्यात आपले दात बघायचे. एक जड होता, खिसा खाली ओढत होता. एकाला दुकानाचा वास येत होता. एक मिटताना "रागावतो" म्हणाली. गाविना प्रत्येकाचा खटका दाबून बघत होती आणि मान हलवत होती. एलियासच्या उत्तमोत्तम कारागिरीला दोघी मायलेकी ज्या तऱ्हेने बाजूला सारत होत्या ते बघून बाकीसियोला बोटाचं दुखणं जवळजवळ विसरायला झालं.

शेवटी मेदी यंत्रामागे गेली. तिथे एका फळीवर एलियासचं दुपारचं जेवण ठेवलं होतं. भाकरी, चीजचा तुकडा, आणि त्याशेजारी एक साधा चाकू. मूठ घासून काळी तुळतुळीत झालेली. पातं वर्षानुवर्षं धार लावून लावून झिजलेलं, बोटभर लांब आणि गवताच्या पात्याइतकं अरुंद. मेदीने तो उचलला, वास घेतला, आणि चीजचा एक काप काढला. काप इतका पातळ निघाला की त्यातून खिडकी दिसत होती.

"हा," ती म्हणाली.

"तो नाही!" एलियास ओरडला. "तो माझा आहे! तीस वर्षं मी त्याने जेवतोय!"

गाविनाने चाकू घेतला, खटका दाबला. घट्ट. धारेवर केस धरला. केस तुटला. मूठ झिजून बारीक झाली होती ती मेदीच्या मुठीत नेमकी बसत होती.

"एलियासकाका, हाच द्या."

"देणार नाही. दुसरा कुठलाही घे, फुकट घे, पण हा नाही. नाही म्हणजे नाही."

"बरं," गाविना म्हणाली. "मग आपण दुसरं काम उरकू. नाताळात तुम्ही गंजक्या पात्याने हात कापून घेतला होता. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला या म्हणून मी तीन वेळा निरोप पाठवले. तुम्ही एकदा म्हणालात सर्दी आहे, एकदा म्हणालात उपास आहे, आणि एकदा बाबांनी सांगितलं की तुम्ही वारलात." तिने खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली. "आज मी इंजेक्शनच बरोबर आणलंय. थंड डब्यात."

एलियासने बाकीसियोकडे पाहिलं. बाकीसियोने आढ्याकडे पाहिलं.

"घे," एलियास मेदीला म्हणाला. "घे, बाळा. तुझ्याच हातात शोभतो तो. पण फुकटचा चाकू मैत्री कापतो. एक नाणं दे मला, म्हणजे दोष लागणार नाही."

मेदीने खिशात हात घातला. पडलेला दात उंदीर नेतो आणि बदल्यात उशीखाली नाणं ठेवतो, असं तिकडे मुलांना सांगतात; तसं मिळालेलं युरोचं नाणं तिच्याकडे होतं. ते तिने एलियासच्या तळव्यावर ठेवलं आणि आपला हात पसरून उभी राहिली.

"काय?"

"सुट्टे."

एलियासला गल्ला उघडावा लागला. ते होईतो गाविनाने सुई भरली होती.

"अगं, चाकू दिला ना मी!"

"चाकू मेदीला दिलात. बाही वर करा."

त्यानंतरचे दहाबारा दिवस मेदी अंगणातल्या ओट्यावर बसून काठ्या सोलत होती. गाविना तिच्या समोर. कापताना बसायचं, उभं राहायचं नाही. पातं आपल्यापासून लांब न्यायचं. कुणाला देताना मिटून द्यायचा. बाकीसियो मध्ये मध्ये "आमच्या वेळी" म्हणून सुरुवात करी, आणि मेदी त्याच्या बांधलेल्या बोटाकडे नुसतं बघे.

कातरणीचा दिवस उजाडला. पहाटेपासून गावातले गडी बाकीसियोच्या मेंढवाड्यावर जमले, एकेक मेंढी आडवी पाडून लोकर उतरवत गेले आणि दुपारी मोठ्या ओकच्या सावलीत फळ्यांचं लांब टेबल लागलं. भाजलेलं मटण आलं. सगळ्यांनी खिशात हात घातले. खटाखट चाकू उघडले. मेदीनेही झग्याच्या खिशातून आपला काढला, उघडला, आणि कुणाकडेही न बघता कामाला लागली. टेबलावर जो ओरडा झाला त्याने कातरलेल्या नागड्या मेंढ्या कुंपणापर्यंत पळाल्या.

बाकीसियोची छाती फुगली. त्याने ऐटीत खिशातून आपला चाकू काढला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की उजव्या हाताचं बोट पट्टीत असताना तो धरता येत नाही. डाव्या हाताने कापून बघितलं, मटण ताटातून उडून शेजाऱ्याच्या मांडीवर गेलं. लोक मुद्दाम दुसरीकडे बघायला लागले. गावचा रिवाज गाव विसरत नाही. कुणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणालं, "त्याला मोडून द्या रे कुणीतरी."

मेदीने स्वतःचं ताट बाजूला सारलं आणि आजोबाचं पुढे ओढलं.

"हात काढ, आजोबा."

ती मटण कापायला लागली. जीभ दातांच्या फटीतून बाहेर, डोळे पात्यावर. बाकीसियो मांडीवर हात ठेवून बसला होता. असल्या अपमानात एवढा आनंद असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मेदीचा हात थांबला. तिने डावा अंगठा झटकन तोंडात घातला. भाकरीवर लाल ठिपका पडला होता, मसुराएवढा. बाकीसियोने त्यावर हाडूक ठेवलं.

पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गाविनाने मान वर केली. तिला कसं कळलं देव जाणे.

"कुणाला लागलं?"

 टेबलाच्या दोन्ही बाजूंचे झाडून सगळे बाप्ये, म्हातारे, तरणे, स्वतः एलियाससकट, हात टेबलाखाली घेऊन बसले.

गाविना त्या ओळीवरून नजर फिरवत गेली. नजर मेदीशी थांबली. मेदीने अंगठा तोंडातून काढून झग्याला पुसला आणि आईकडे सरळ बघितलं. बराच वेळ दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग गाविना म्हणाली, "कुणी मीठ इकडे द्या," आणि जेवायला लागली.

मेदीने पुन्हा चाकू उचलला. तुकडे फार बारीक होत होते, बिनदाताच्या बाळासाठी करावेत तसे. बाकीसियोला सांगावंसं वाटलं की अगं, माझे दात आहेत अजून. पण त्याने सांगितलं नाही. ती ढकलेल तो तुकडा तो उचलत गेला.

"नीट चावून खा," मेदी म्हणाली.